एका युनिटचे ऋण

सांगलीजवळच्या माधवनगरातल्या साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला साधारण एकशेतीस वेळा ताण्यातून इकडून तिकडे जातो. हा वेग कोण ठरवतो? मागवाला म्हणेल, मोटार माझी, वेग मी ठरवला. जॉबर म्हणेल, पुली मी बसवली. दोघांचेही खरे, पण अर्धेच. मोटारीच्या पोटात फिरणारे चुंबकीय क्षेत्र विजेच्या वारंवारतेला बांधलेले असते आणि ती वारंवारता ना माधवनगरात ठरते, ना सांगलीत, ना मुंबईत. जाळ्याला जोडलेली सगळी जनित्रे त्या क्षणी किती वीज ओतत आहेत आणि सगळी माणसे त्याच क्षणी किती ओढत आहेत, या दोहोंचा तोल म्हणजे वारंवारता. तोल साधला की सेकंदाला पन्नास आवर्तने. ओढ जास्त झाली की आकडा पन्नासच्या खाली उतरतो आणि जाळ्यावरच्या हरएक मोटारीबरोबर माधवनगरचा मागही किंचित मंदावतो.

किंचित म्हणजे किती, हे एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकात पश्चिम विभागाच्या जाळ्याची वारंवारता ४९ च्या खाली जाणे नित्याचे झाले होते. ती ४८.५ वर आली असे धरू. ही तीन टक्क्यांची घट. धोट्याच्या एका फेरीत पडणारा आडवा धागा म्हणजे एक पीक. १३० पिकांचा माग मिनिटाला चारएक पीक कमी टाकणार. माग अखंड चालला असे मानले तर आठ तासांच्या पाळीत सुमारे १,९०० पीक कमी पडले. इंचाला ५२ पीक असलेल्या कापडात हे होते जवळजवळ एक वार. चार माग सांभाळणाऱ्या कामगाराचे चार वार कापड विणले गेलेच नाही. त्याची मजुरी विणलेल्या कापडावर आणि कापडाचा दर पिकावर. त्याच्या पगारातून पैसे गेले, ते कोणी घेतले असेही नाही. लाईट गेली नव्हती, मोटार बंद पडली नव्हती, तक्रार करावी असे काही घडलेच नव्हते. पश्चिम भारतात कुठेतरी कुणीतरी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली होती आणि त्या ओढीचा बारीकसा वाटा माधवनगरातल्या एका माणसाने आपल्या कापडातून भरला होता.

१ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात नवी दरपद्धत आली. राज्याने ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलली तर त्या क्षणीच्या वारंवारतेप्रमाणे दर आकारायचा. आकडा जितका खाली तितका दर चढा. त्यानंतर वारंवारता झपाट्याने पन्नासच्या जवळ आली. नवे जनित्र बसले नव्हते, नवी तार ओढली नव्हती. ज्या ओढाताणीचा हिशेब आजवर कोणी मागत नव्हते, तिचा हिशेब मागितला गेला, एवढेच. मला ही घटना विजेच्या इतिहासातली फार मोलाची वाटते. कणगीत धान्य ठेवावे, रांजणात पाणी भरावे, तशी वीज आहे त्या रूपात भरून ठेवता येत नाही. ती बनते त्याच क्षणी कुठेतरी वापरली जाते. म्हणून तिच्या बाबतीत देणारा आणि घेणारा नेहमीच एकमेकांसमोर उभे असतात. फक्त मधे इतकी अंतरे आणि इतकी खाती असतात की दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही.

माणूस जन्मतःच ऋणी असतो ही आपल्याकडची फार जुनी धारणा. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन सगळ्यांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे ऋण. पहिली तीन भूतकाळाकडे किंवा आकाशाकडे पाहतात. चौथे मात्र शेजारी उभ्या असलेल्या, आत्ता जिवंत असलेल्या माणसाचे आहे. त्या ऋणाचे रोजच्या जगण्यात मोजता येईल असे माप कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी विजेच्या मीटरवरच्या एका युनिटकडे बोट दाखवीन.

ते युनिट येते कुठून? जाळे एकदा जोडले गेले की या प्रश्नाला नेमके उत्तर राहत नाही. चंद्रपूरचा कोळसा, तारापूरचा अणू, साखर कारखान्यांतला बगॅस, ढालगाव आणि वनकुसवड्याच्या पठारांवरचा वारा, सगळे एकाच प्रवाहात मिसळतात. तरीही सातारा-सांगलीच्या माणसाच्या मनात वीज म्हटले की कोयना येते, आणि ते योग्यच आहे. या मुलखाकडे कोळसा नाही, तेल नाही. त्याच्याकडे आहे उंची.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे उतरत जाते. हेळवाकाशी ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. वळणापर्यंतच्या प्रवासात डोंगराची एक भिंत तिला कोकणापासून अलग ठेवते. भिंतीच्या अलीकडे कोयना धरणामागच्या शिवसागर जलाशयाचे पाणी तो भरल्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटरवर उभे असते. पलीकडे काही कोसांवर वाशिष्ठीचे खोरे जवळजवळ समुद्राच्या पातळीला टेकलेले. डोंगर आतून पोखरून पाणी पश्चिमेला नेले की ते पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते. गणित शाळेतल्या पोराला येईल असे आहे. एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी ४७५ मीटर पडले, तर यंत्रातली घट वजा जाता एक युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी सगळ्यांनी पाहिली आहे. ती टाकीभर पाणी हजारएक हात उंचीवरून खाली सोडावे, तेव्हा मीटरचा आकडा एकाने पुढे जातो. आपण संध्याकाळी इस्त्री करून जे युनिट संपवतो, त्याच्या मागे एवढे वजन आणि एवढी उंची असते.

१९६२ साली पोफळीत वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे अलोऱ्याला तिसरा टप्पा उभा राहिला. पोफळीतून बाहेर पडलेलेच पाणी कोळकेवाडीला अडवून आणखी शंभरेक मीटर खाली आणायचे आणि पुन्हा वीज घ्यायची. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरल्या जलाशयाच्या तळाला खालून बोगद्याने भिडून शेवटचा खडक स्फोटाने उडवला. आशियातला तो पहिला असा प्रयोग मानला जातो. या टप्प्याची एकट्याची क्षमता १,००० मेगावॉट. सगळे टप्पे मिळून कोयना १,९०० मेगावॉटच्या पुढे जाते.

ही झाली अभिमानाची बाजू आणि अभिमान अस्थानी नाही. पण पश्चिमेला गेलेले पाणी परत येत नाही. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. निसर्गाने ते कराडला, सांगलीला आणि पुढे थेट आंध्राकडे निघालेले पाणी होते. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. कोयनेच्या साठ्याची क्षमता आज १०५ टीएमसीच्या थोडी वर आहे. म्हणजे भरल्या धरणाचा मोठा हिस्सा डोंगराच्या पलीकडे जातो. उरलेल्यातून पूर्वेला सोडले जाते ते पाणीही पायथ्याच्या ४० मेगावॉटच्या विद्युतगृहातून उतरताना थोडी वीज देते. पण तिथे त्याला मिळणारी उंची जेमतेम धरणाच्या भिंतीएवढी.

आता नकाशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सांगली जिल्ह्याचा पूर्वभाग, म्हणजे जत, कवठेमहांकाळ, आटपाडी आणि खानापूरचा माथा, पावसाच्या सावलीत पडलेला. कृष्णा खाली वाहते, जमीन वर आहे. शेकडो वर्षे तिथल्या माणसाने नदी पाहिली ती उतरून जाऊन. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवले. एक घनमीटर पाणी शंभर मीटर चढवायला तोटा धरून एक युनिटाचा साधारण तिसरा भाग लागतो. म्हणजे पोफळीत पडलेल्या एका टाकीभर पाण्याच्या विजेवर दुष्काळी तालुक्यात तीनएक टाक्या पाणी शंभर मीटर वर चढू शकते.

हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मला मोट आठवली. विहिरीवरची मोट ओढणारे बैल चढावर चालत नाहीत, ते धावेच्या उतरणीला चालतात. त्यांचे वजन खाली जाते आणि नाड्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी वर येऊन थारोळ्यात पडते. सातारा-सांगलीची वीजव्यवस्था ही डोंगराएवढी मोट आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या धावेवरून कोकणात उतरते आणि तारांच्या नाड्याने कृष्णेचे पाणी जतच्या माळावर चढते. माधवनगर या नाड्याच्या मधोमध कुठेतरी आहे.

पण मोटेत बैल आणि विहीर एकाच शेतकऱ्याची असते. इथे नाही. वीज करणारी कंपनी वेगळी, पंप चालवणारे खाते वेगळे, बिल भरणारा शेतकरी वेगळा. म्हणून असे झाले की कोट्यवधी रुपये खर्चून पंप बसवले, कालवे खोदले आणि नदी तुडुंब वाहत असताना थकीत बिलापायी पंप थांबले. ऐन टंचाईत आवर्तन सुटणार की नाही हे पाण्यावर ठरेना, वीजबिलाच्या वसुलीवर ठरू लागले. पुढे या योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असे ठरले. ८१ आणि १९ हे आकडे आज तासगाव-कवठेमहांकाळच्या कोणत्याही पारावर लोकांना तोंडपाठ आहेत. या सवलतीला कोणी उधळपट्टी म्हटले तर मला ते पटत नाही. ज्या खोऱ्याचे पाणी राज्याच्या विजेसाठी पश्चिमेला पाडले, त्याच खोऱ्याच्या कोरड्या टोकाला पाणी चढवण्याचा खर्च राज्याने उचलावा, यात उपकार कसला? ती परतफेड आहे.

ऋणाची याहून जुनी आणि न फिटलेली खातीही आहेत. शिवसागराखाली शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या. माणसे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे पांगली. काही डोंगरात वर सरकून तिथेच राहिली. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला तो यांचे संसार हलल्यानंतर कितीतरी वर्षांनी. श्रमिक मुक्ती दलाच्या आंदोलनांत कोयनेचे धरणग्रस्त अगदी अलीकडेपर्यंत बसलेले दिसतात आणि त्यांत पहिल्या पिढीची नातवंडे असतात. राज्य उजळले ते ज्यांच्या गावांवर पाणी भरून, त्यांना सातबारा मिळायला तीन पिढ्या लागाव्यात हे कुठल्याही अभियांत्रिकी यशाने झाकले जाऊ नये.

आणि ११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंपाचा धक्का बसला. कोयनानगर कोसळले, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण ते टिकले; नंतर त्याला मागून आधार देऊन जाड केले गेले. त्याच क्षणी पोफळीची यंत्रे बंद पडली आणि मुंबईची वीज तुटली, कारखाने थांबले. मुंबईच्या गिरणीत पहाटपाळीला उभ्या असलेल्या कामगाराला हेळवाक कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. तो मागासमोर अंधारात उभा राहिला, तेव्हा तिकडे ढिगाऱ्याखाली माणसे होती. एरवी जाळे हे नाते लपवते. मोडले की दाखवते.

जाळे विणले जाण्याआधीचा हा प्रदेश आठवून पाहावा. आजच्या एका सांगली जिल्ह्यात सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, औंध, जत अशी संस्थाने आणि मधेमधे ब्रिटिश मुलूख असा चौकटीचा कपडा होता. माधवनगरला खेटून असलेले बुधगाव हे धाकट्या मिरजेच्या संस्थानाचे राजधानीचे गाव. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती औंध संस्थानात. ज्याला यंत्र चालवायचे त्याने आपले इंजिन आणावे, आपले जनित्र बसवावे, आपल्या आवारापुरता उजेड करावा. थॉमस ह्यूज या इतिहासकाराने १९८३ साली ‘नेटवर्क्स ऑफ पॉवर’ हा ग्रंथ लिहिला. शिकागो, बर्लिन आणि लंडन या तीन शहरांच्या वीजव्यवस्था शेजारी ठेवून त्याने दाखवले, की तंत्र एकच असूनही जाळे मात्र त्या त्या समाजाच्या राज्यव्यवस्थेच्या आकाराचे होते. लंडनमध्ये स्थानिक सत्ता अनेक, म्हणून वीजकंपन्याही डझनांनी, दाबही निराळे आणि वारंवारताही निराळ्या. संस्थानी सांगलीबद्दल वेगळे काय सांगणार?

हा तुकड्यांचा खेळ मोडायला हवा हे देशपातळीवर ज्यांनी स्पष्ट ओळखले, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याबरोबर वीज आणि पाणी हे विषयही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी वीजधोरण समितीपुढे केलेले भाषण आज विजेच्या खात्यातल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. वीज खाजगी असावी की सरकारी, केंद्राची की प्रांतांची, हे प्रश्न त्यांनी मांडलेच. पण त्याआधी विचारले की वीज हवी कशासाठी. उद्योगधंदे वाढवण्यासाठी, आणि ते वाढवायचे दारिद्र्याच्या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी, अशी त्यांची साखळी होती. स्वस्त आणि मुबलक वीज ही त्यांच्या लेखी कामगाराच्या मुक्तीची पूर्वअट होती. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि राज्यांची वीजमंडळे त्या विचाराच्या वाटेवर आली. महाराष्ट्राचे मंडळ २० जून १९६० ला स्थापन झाले. ६ जून २००५ ला त्याची निर्मिती, पारेषण आणि वितरण अशी फाळणी झाली. कंपन्यांना नवी नावे मिळाली. लोक अजून बोर्डच म्हणतात.

पारेषणाबद्दल मी थोडेच सांगणार आहे, कारण व्यवस्थेचा हा भाग आपले काम निमूटपणे आणि बहुतेक वेळा चांगले करतो. दाब दुप्पट केला की तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात जाते आणि तारेतली उष्णतेची घट चौथाईवर येते. एवढ्या एका नियमावर ४०० केव्हीचे मनोरे पठारे ओलांडत उभे आहेत. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला निम्मा देश अंधारात गेला तेव्हा पश्चिम विभाग वाचला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या तालावर आले. देशाची वीज एका सुरात आणणारी गाठ आमच्या शेजारच्या सोलापुरात बसली, याचा आनंद मला आहे.

खरे कठीण काम यानंतर, शेवटच्या मैलात. उपकेंद्रातून निघालेली ११ केव्हीची वाहिनी, तिच्यावरच्या डीपी, म्हणजे दाब उतरवणारी रोहित्रे, आणि डीपीपासून निघालेल्या लघुदाबाच्या तारा. तारेच्या शेपटाला जो शेतकरी आहे त्याच्यापर्यंत पोचेतो दाब उतरलेला असतो. त्यात डीपीवर कागदावरच्यापेक्षा जास्त मोटारी, काही आकडे टाकलेल्या. दाब उतरला की मोटार थांबत नाही. तेच काम करायला ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. तासगाव, विटा, कवठेमहांकाळ, कुठल्याही बाजारपेठेत उन्हाळ्यात रिवाइंडिंगच्या दुकानापुढे उभे राहावे. जळालेल्या मोटारी ओळीने मांडलेल्या असतात. कारागीर स्टेटरच्या खाचांतून काळे पडलेले तांबे छिन्नीने तोडून काढतो, जळक्या वार्निशचा उग्र दर्प घशात बसतो, मग नव्या तारेची वेटोळी बोटांनी मोजत एकेका खाचेत तो दाबून बसवतो. मोटारीचा मालक शेजारच्या बाकड्यावर बसून राहतो, कारण तिकडे ऊस किंवा द्राक्षबाग पाण्याला आलेली असते. दोनचार दिवस जातात आणि काही हजार रुपये जातात. वीज फुकट किंवा स्वस्त असल्याच्या चर्चेत हा खर्च कधीच धरला जात नाही. शेतकऱ्याने विजेची खरी किंमत बऱ्याचदा रिवाइंडिंगवाल्याकडे मोजलेली असते.

दुसरी किंमत रात्रीची. शेतीच्या वाहिनीला थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, ही पद्धत इकडच्या दोन पिढ्यांनी अंगावर काढली. दिवसा कारखाने आणि माग, संध्याकाळी घरे, मग उरलेली वीज रात्री शेताला. जाळ्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. शिकागोच्या सॅम्युअल इन्सुलने विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखले होते, की निरनिराळ्या वेळी वीज लागणारी गिऱ्हाइके एका जाळ्यात आली की तेवढ्याच यंत्रांत जास्त लोकांचे भागते. कारखान्यांच्या वसाहतींना वेगवेगळ्या वारी सुट्टी देण्यामागेही तोच विचार. पण उरलेली वेळ ज्याच्या वाट्याला येते त्याची झोपही उरलीसुरलीच असते. डिसेंबरच्या थंडीत रात्री बारा-एकला उसाच्या फडात बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे. पायाखाली साप आहे का, फडात बिबट्या आहे का, ओल्या स्टार्टरला हात लावताना झटका बसेल का. शिराळा, वाळवा, कराड या पट्ट्यात बिबट्याची भीती आता खरी आहे. भाराचा आलेख सपाट करण्यासाठी एका वर्गाच्या रात्री वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या आणि त्याबद्दल त्याचे आभारही कोणी मानले नाहीत.

भारनियमनाच्या वर्षांतली एक गोष्ट मला आजही बोचते. महाराष्ट्रात २००५ नंतर काही वर्षे तुटीची होती आणि वीज कोणाची किती तास बंद ठेवायची हे ठरवायला वाहिन्यांचे गट पाडले गेले. गळती कमी आणि वसुली चांगली तो वरचा गट, गळती जास्त आणि थकबाकी जास्त तो खालचा. ‘ए’पासून ‘जी’पर्यंत. तुटपुंजी वीज वाटायला काहीतरी निकष हवा होता आणि वसुली नसेल तर वीज आणायची कशातून, हेही खरेच. तरीही ज्या माणसाने दर महिन्याला बिल भरले, त्याच्याही घरात केवळ त्या वाहिनीवर राहतो म्हणून अंधार झाला. एकाच तारेवर असणे हे एकाच नशिबात असणे ठरले. जुन्या काळी गावाला सामुदायिक दंड होत असे. तो आपण रानटी म्हणून सोडला आणि तारेच्या रूपाने परत आणला. घराघरापर्यंत मीटर पोचलेला असताना शिक्षा मात्र वाहिनीला, हे मला तेव्हाही अन्याय्य वाटले आणि आजही वाटते.

या सगळ्यात जो माणूस खांबावर चढतो तो वायरमन. पावसाळी रात्री डीओ फ्यूज उडतो, जंपर तुटतो, झाडाची फांदी तारेवर पडते. तो शटडाऊन घेतो, पलीकडून होकार येतो, तो चढतो. त्या एका होकारावर त्याचा जीव असतो. वाहिनी बंद झाली असे सांगणाऱ्याने दुसरीच बंद केली असेल, किंवा कोणाच्या तरी जनरेटरचा उलटा प्रवाह तारेत आला असेल, तर खाली उतरतो तो त्याचा देह. वारंवारतेचा तोल, लवादाचे टीएमसी, कंपन्यांची खाती, सगळी मोठी व्यवस्था शेवटी एका माणसाच्या दुसऱ्याच्या शब्दावरच्या विश्वासाला टेकलेली आहे. वायरमनच्या अपघातांच्या बातम्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. त्यातले कितीतरी कंत्राटी असतात.

गेल्या काही वर्षांत मात्र शेतीच्या विजेच्या घड्याळात बदल सुरू झाला आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर पॅनेल उभी राहू लागली आणि शेतीला दिवसा वीज देता येईल असे दिवस दिसू लागले. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली गेली. या दोन निर्णयांत मी पहिल्याला फार मोठा मानतो. फुकट वीज जी रात्री एक वाजता येते, तिच्यापेक्षा पैसे मोजून सकाळी दहा वाजता मिळणारी वीज शेतकऱ्याला जास्त माणसासारखे वागवते. उपसा योजनांचे पंपही उन्हावर चालवायचे प्रकल्प मार्गी लागत आहेत. जतला पाणी चढवायचे काम सूर्य माथ्यावर असताना व्हायचे असेल, तर जुन्या मोटेतला एक बैल बदलला.

यातून कोयनेचे कामही पालटते. ऊन उतरते त्याच सुमाराला घरोघरी दिवे, पंखे आणि स्वयंपाकाची यंत्रे लागतात. सौर वीज नेमकी तेव्हा ओसरते. कोळशाचे संच थंड असतील तर तापायला तास लागतात. पाण्याची यंत्रे काही मिनिटांत भार उचलतात. म्हणून कोयना आधीपासूनच संध्याकाळच्या शिखराला धावून येणारी होती, आता ती गरज आणखी वाढणार. नगर-ठाण्याच्या सीमेवरच्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचे, कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडायचे. सह्याद्रीत अशा जागा अनेक आहेत आणि आता तिकडे कंपन्यांची नजर वळली आहे. असे पाणी वर-खाली होत राहते, समुद्राला जात नाही.

तेव्हा बच्छावत लवादाच्या काळात पश्चिमेला वळवायच्या पाण्याचा जो हिशेब झाला, तो पुन्हा मांडायची वेळ आली आहे असे माझे मत आहे. त्या काळी कोयनेचा एक घनमीटर म्हणजे एक युनिट, मग ते कधीही असो. आज दुपारी दोन वाजताचे युनिट आणि संध्याकाळी साडेसातचे युनिट यांची किंमत सारखी नाही. दुपारी उन्हाची वीज भरपूर असताना पश्चिमेला सोडलेले पाणी हे कराडच्या पुढच्या सगळ्या नदीकाठाचे नुकसान आहे. संध्याकाळी सोडलेल्या पाण्याचे समर्थन करता येईल. म्हणून ६७.५ टीएमसी हा वर्षाचा आकडा पुरेसा नाही. त्यातले किती पाणी कोणत्या तासाला गेले हे दर महिन्याला लोकांसमोर यायला हवे. ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्रात पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवला जातो, पाटबंधारे खात्याकडे धरणाची रोजची पातळी असते. दोन्ही वह्या एका टेबलावर येत नाहीत. त्या कराडला किंवा सांगलीला याव्यात आणि त्या बैठकीत जतचा लाभधारक, पाटणचा धरणग्रस्त आणि माधवनगरचा मागवाला यांना बसायला जागा असावी. पहिला प्रश्न विचारायचा तो गेल्या एप्रिल-मे महिन्यांचा: नदीला पाणी हवे होते त्या दिवसांत, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान पोफळीतून किती टीएमसी पश्चिमेला गेले?